दहाच्या नाण्याची किंमत

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या बाजारपेठेमागे साधनाची पिठाची गिरणी आहे. नवरा अंगद शेती पाहतो; गिरणी साधनाची, तिचा हिशेबही तिचाच. तिची सहा वर्षांची मुलगी अर्पिता एकदा दुकानात एका खेळण्यासाठी हटून बसली आणि पैसे नाहीत असे सांगताच म्हणाली, ‘‘फोन दाखव ना मंग.’’ फोन दाखवला की वस्तू मिळते, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. साधनाने ती हसण्यावारी नेली नाही. पैशामागचे कष्ट ज्या मुलाला दिसत नाहीत, ते दुसऱ्याच्या कष्टांची किंमत करायला शिकत नाही, असे तिचे मत होते.

त्या दिवसापासून गिरणी बंद झाली की मायलेकी सुपात नाणी पसरून बसू लागल्या. एक किलो ज्वारी दळली की पाच रुपये, दोन किलो दळली की दहा. रुपयाची पाच नाणी दहाच्या एका नाण्यापेक्षा कमी कशी, हे अर्पिताला पटायला चार दिवस लागले. पटल्यावर मात्र पिवळ्या कडेचे दहाचे नाणे तिचे विशेष आवडते झाले.

सोमवारी साधनाने तेच नाणे देऊन तिला शेजारच्या कचरूच्या किराणा दुकानात पेन्सिल आणि खोडरबर आणायला पाठवले. अर्पिता नाणे घेऊनच परतली. हे गावात चालत नाही, आईला नोट दे म्हणावे, असा कचरूचा निरोप होता. नाणे सरकारी होते, बँक ते घेत होती. परंतु समोरचा घेणार नाही या भीतीने प्रत्येकाने ते नाकारायचे, अशी रीत गावात वर्षानुवर्षे रुळली होती.

‘‘तू म्हणली व्हती ह्यात दहा हायेत,’’ अर्पिता म्हणाली. नंतर दोन दिवस ती सुपाजवळ फिरकली नाही. आईचा शब्द घराबाहेर खोटा ठरतो, हे ती शिकली होती; आणि हा धडा पुसणे साधनाला सर्वांत निकडीचे वाटले.

तिसऱ्या दिवशी मुलीचा हात धरून ती कचरूकडे गेली. तो साखर तोलत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

‘‘वहिनी, मी घेतो की. पण गिरणीवर तुम्ही घेता का? मागल्या हप्त्यात सगुणामावशीचं तुम्हीच वापस केलं.’’

ते खरे होते. सगुणाबाई रोजाने खुरपायला जाणारी वयस्क बाई. तिने दळणाचे म्हणून दिलेली दोन नाणी साधनाने परत केली होती आणि नोट आणेपर्यंत तिचा डबा गिरणीतच ठेवून घेतला होता. त्यात काही गैर आहे, असे तेव्हा तिच्या मनातही आले नव्हते.

वाटेत अर्पिताने विचारले, ‘‘तू बी घेत न्हाईस?’’

‘‘न्हाई घेत व्हते. चुकलं माझं.’’

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावर खडूने ओळ उमटली : दहाचे नाणे घेतले जाईल. घरोघरच्या डब्यांत पडून राहिलेली नाणी दळणाबरोबर येऊ लागली. अंगद वैतागला. साऱ्या गावची अडगळ आपल्या घरात जमा करून राह्यली, आता लाईट बिल कशानं भरतीस, असे तो जेवताना बोलला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी नाण्यांची पिशवी घेऊन साधना परतूरच्या बँकेत गेली. रोखपालाने दुपारपर्यंत बसवून ठेवले. ती बसली, आणि भरणा करूनच उठली. त्यापुढच्या शुक्रवारीही गेली.

मग तिने अर्पिताला पुन्हा दुकानात पाठवले. या वेळी पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही आले. कचरूकाका ‘तुझं म्हणून घेतो’ म्हणाले, असे मुलीने आनंदाने सांगितले. साधनाला मात्र समाधान वाटले नाही. ओळखीवर चालणारे नाणे तिने मुलीला शिकवले नव्हते.

तिने गिरणी बंद केली आणि सगुणाबाईच्या दारी गेली. आधी त्या दिवसाबद्दल माफी मागितली, मग दुकानात येता का म्हणून विचारले. तिघी गेल्या. सगुणाबाईने चहाची पुडी मागून नाणे पुढे ठेवले. कचरूने साधनाकडे पाहिले.

‘‘काका, त्याच्यात दहा रुपये हायेत,’’ अर्पिता म्हणाली.

‘‘लई जिद्दीच्या मायलेकी तुम्ही. अन् जालन्याचा व्यापारी माझ्याकडून घेईना, मंग?’’

‘‘गिरणीवर आणून द्या, नोटा घेऊन जा,’’ साधना म्हणाली. ‘‘मी दर शुक्रवारी परतूरला जातेच. पण घ्यायचं ते समद्यांचं.’’

कचरूने थोडा वेळ गल्ल्यावर बोटे वाजवली. मग नाणे आत टाकले आणि पुडी काढून दिली.

सगुणाबाईने पुडी पिशवीत ठेवली, पण ती जागची हलली नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि आणखी एक नाणे काढले.

‘‘मंग ह्याचा गूळ दे,’’ ती म्हणाली. ‘‘अन् बराबर तोल.’’