श्वासाची पिशवी

सत्तरच्या दशकात मी भोरच्या एका दवाखान्यात नर्स होते. पासली गावचा एक शेतकरी आला. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला जाळून राब भाजताना त्यातला पेटता पाला अंगावर येऊन त्याची पाठ आणि पाय भाजले होते. पट्ट्या वेळच्या वेळी बदलत होतो, तरी गडी रोज वाळत चालला. माझी नुसती चिडचिड व्हायची. खाटेवर पडलेला माणूस, ना काम ना धाम, मग मांस जातंय कुठं?

एक दिवस पाहिलं, तर त्याची बायको अंडं घातलेलं दूध मोरीत ओतत होती आणि त्याला नुसती पेज पाजत होती. मी तोंड सोडलं तिच्यावर. पण ती कसली ऐकते!

"भाजल्यालं अंग हाय बाई, आन् वर गरम अंडी? आगीत त्याल वतू व्हय?"

पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. काय बाई होती! त्यांच्याकडे एक मोठी रबरी पिशवी होती. रोग्याच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि सोडलेला श्वास पिशवीत. ती हवा तपासून अंग किती अन्न जाळतंय ते त्या काढायच्या. पिशवी बघून बायको आडवीच आली.

"ह्यांचा परान कोंडू नगा त्यात!"

"बरं, मग आधी तुमचा घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाकाला चिमटा लागल्यावर ती इतकी हसली की पहिली पिशवी वायाच गेली. दुसरी नीट भरली, मग नवऱ्याचा श्वास घेतला. आकडेमोड झाल्यावर डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

"तुम्ही बसून जेवढं जाळता, त्याहून कितीतरी जास्त हे पडून जाळतायत. जखम भरणं हे मोठं काम आहे. खायला मिळालं नाही, तर अंग स्वतःलाच खातं."

तिनं खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजी पडल्या पडल्या नांगुर धरलाय ह्यांनी. आन् म्या पेजंवर ठिवलं!"

त्यानंतर मोरीत थेंब गेला नाही. दूध, अंडी, गूळ, दाण्याचा कूट. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा श्वास मोजून खाणं वाढवत होत्या. तरी तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, हूं नाही की चूं नाही. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी ती डोळ्यांना पदर लावून धावत आली. मी हातातलं काम टाकून पुढे झाले.

"काय झालं गं?"

"शिवी दिली मला ह्यांनी! दूध आणाया उशीर झाला म्हून. लई वंगाळ शिवी!" ती रडत होती आणि हसत होती. "बाई, माझं मानूस जगलं!"