खालच्या पट्टीतलं भजन

...तर काल सांगत होतो ना, कर्वेनगरातल्या आमच्या शेजारीण सत्वशीलाबाई रणपिसे. चर्चच्या गायनमंडळात त्या कित्येक वर्षं पुढं उभ्या राहून गायच्या. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार घोगरा झाला. मंडळ चालवणारे शांतवन सर म्हणाले, "बाई, आता मागं बसून ऐका." बाईंनी गाणंच सोडलं. भांडी घासतानासुद्धा गुणगुणणं नाही!

ईस्टरला म्हणाल्या, "गायचं नाही तर जायचं कशाला?"

"अहो, चला तरी," म्हणून पहाटे मीच स्कूटरवरून नेलं. प्रभू उठल्याचा दिवस, चर्च खचाखच भरलेलं. शांतवन सरांनी आनंदाच्या भरात स्तुतीचं भजन इतकं वरच्या पट्टीत धरलं, की अंतऱ्याला सगळ्यांच्या माना ताणल्या. एकेक जण गप्प झाला. नुसती ढोलकी वाजत राहिली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तोच घोगरा आवाज उठला. बाईंनी भजन खालच्या पट्टीत पुन्हा धरलं. पेटीवाल्यानं सूर पकडला, झांजा आल्या, आणि काय सांगू, अख्खं चर्च उभं राहून गायला लागलं! मी मूळचा वारज्याचा, भैरोबापुढं टाळ कुटून वाढलेला, पण टाळ्या वाजवून माझेही हात लाल झाले.

बाहेर पडताना शांतवन सर हात जोडून म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी पुढं उभ्या राहाल ना?"

बाई म्हणाल्या, "राहीन की. पण पहिला सूर मी धरणार, सर. तुम्ही माझ्या मागून या."