पदराला टोचलेली स्ट्रिप

परळच्या कॅन्सर इस्पितळात, औषधांच्या खिडकीवर एक बाई रांगेत माझ्यापुढे उभी होती. नवऱ्याच्या मॉर्फिनच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप तिने सवयीने केरात टाकली होती.

"मावशी, रिकामी परत केल्याशिवाय नवी मिळत नाही," खिडकीतला म्हणाला. "नशेचं औषध आहे. नियम तिकडे परदेशात, सगळ्या देशांच्या बैठकीत ठरतात."

"त्या बैठकीत कोणाचा माणूस कळवळत होता काय?" म्हणत तिने खिडकीसमोरच बसकण मारली. "डॉक्टरांना बोलव. मी हलणार नाय."

शेवटी डॉक्टर आले, त्यांनी सही केली आणि गोळ्या मिळाल्या.

पुढच्या खेपेला रिकामी स्ट्रिप तिने पदराला सेफ्टी पिनेने टोचून आणली होती.

"ही घे," ती म्हणाली. "आणि त्यांची पुढची बैठक कधी, ते विचारून ठेव. मी जाणार."

रांग हसली. ती हसली नाही.