उंबरठ्यावरचं बिननावाचं बोट

चाळीसगावला फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. भाऊ गेले. धुळ्याला, देवपूरच्या घरी, भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी उंबरठ्यावरचं ते बोट आठवलं, कारण मागच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, वहिनी आणि मी या बातमीच्या धास्तीतच जगत होतो...

भाऊ माझे थोरले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि देवपूजाही कधी चुकवली नाही. "भाऊ, काहीतरी एक धरा," असं मी चिडवायचे. ते हसायचे. मग निवृत्तीनंतर त्यांनी निअँडरथल माणसांविषयी वाचलं आणि हसणं आटलं. ती माणसं केव्हाच संपली, पण त्यांचा थोडा अंश आपल्या रक्तात उरलाय. दुसरा कोणी असतं तर वाचून पान उलटलं असतं. भाऊंची झोप उडाली.

"शालू, अंश आहे म्हणजे ते आपले पितरच झाले ना? त्यांना आत्मा नव्हता म्हणावं, तर आपल्यात तो कुठल्या आईच्या पोटी आला? आणि होता म्हणावं, तर... इतकी हजारो वर्षं त्यांना पाणी कोणी दिलं?"

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेत कुंकवाचं बोट उमटवतात. नावाशिवाय बोट नाही. तसं उमटलंच, तर पुढच्या आखाजीच्या आत ते घरातलंच कोणाचं तरी नाव घेतं, असं आई सांगायची. मागच्या वर्षी पणजोबांपर्यंतची नावं संपली आणि भाऊंनी न बोलता आणखी एक बोट उमटवलं. वहिनींच्या हातातलं ताट खणकन पडलं.

"कोणाचं हे?"

"त्यांचं. नाव कोणाला ठाऊक आहे?"

वहिनींनी लगेच ओल्या फडक्याने पुसलं. पण त्या दिवसापासून भाऊ नुसते खोकले तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, असं मी चारचौघांत आजही म्हणते. शेवटच्या भेटीत भाऊ हळूच म्हणाले, "दाराशी उभे राहतात गं. आत येत नाहीत. नुसते बघतात." माझी पाठ दाराकडे होती. वळायची हिंमत झाली नाही.

यंदाची आखाजी ते गेल्यावर काही आठवड्यांतच आली. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून भाऊंच्या नावाचं बोट मीच उमटवलं. घागर भरली. बाहेर रखरखीत ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. माझ्या मागे चिकटून उभ्या असलेल्या वहिनी माहेरच्या अहिराणीत पुटपुटल्या.

"ताई, यासनासंगे त्या बी उनात तं?"

भाऊंबरोबर ती बिननावाची माणसंही आली तर, असं त्या विचारत होत्या. "येतील," मी म्हटलं.

वहिनींनी त्या एवढ्याशा घागरीकडे बघितलं. मग आत गेल्या आणि सगळ्यांसाठी म्हणून घरातला पिण्याच्या पाण्याचा भरलेला हंडा उचलून त्यांनी उंबरठ्याशी आणून ठेवला. पाणी हिंदकळत होतं.

"बठ्ठासले पुरी ना व, इतलं?"