रिपोर्ट येईपर्यंत

कपाट आवरताना जुन्या पिशवीतून कापूर-ओव्याची पुरचुंडी निघाली आणि त्या वासानं कोडोलीतलं ते घर आठवलं. मी गावातली आशा कार्यकर्ती. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्या घरातल्या एका बाईच्या नवऱ्याला ताप आला, तेव्हा मी सांगितलं होतं, रिपोर्ट येईपर्यंत थांबा, आला की त्यांना गोठ्यात झोपवा. तसं केलं, बाकी कुणाला काही झालं नाही आणि मला वाटलं, हा रोग आता आपल्याला कळला. पुढच्या वर्षी तिच्या दिराला ताप आला. उन्हात फिरून माझे पाय गळाले होते, अजून अख्खी गल्ली राहिली होती. दारातूनच तेच सांगून मी पुढं गेले. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. तो घेऊन गेले तर गोठ्यात म्हशी ओरडत होत्या, कारण धार काढायला घरात उभं राहण्याजोगं कुणी नव्हतं. पाचही जण अंथरुणावर. विषाणू बदललाय, आता तो एकाला धरून थांबत नाही, सगळं घर घेतो, हे आम्हाला बैठकीत सांगितलं पुढच्या आठवड्यात. तोवर त्या बाईची सासू गेली होती. भिंतीला टेकून ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमी सांगितलं तसंच केलं की." परवा तिनंच मला रस्त्यात थांबवून विचारलं, "नवीन आलाय म्हणं. आता काय करायचं?" मी म्हटलं, "मला अजून म्हाईत न्हाय." दुधाची किटली दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "तवा बी असंच म्हणाला असतासा तर!"