उठवल्याचा दिवस

साळवे सिस्टर गेल्याचं त्यांच्या भाचीनं, संगीतानं, आमच्या दारात उभं राहूनच सांगितलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला दुःख झालं नाही, भीती वाटली. वाटलं, आता ही विचारणार, ‘काका, मावशी आठ दिवस नुसती पडून होती, तुम्ही रोज येत होतात, मग बोलला का नाहीत?’ तिनं तसं काही विचारलं नाही. पाणी प्यायली आणि पुढच्या घरी निरोप द्यायला गेली. त्याला आता दीड महिना होईल, पण तो न विचारलेला प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. अक्षर वाकडंतिकडं येतं, कारण मी डाव्या हातानं लिहितो, आणि तो हातही सिस्टरनीच लिहिता केलेला आहे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी स्टोअरमध्ये कारकून होतो, वय एकेचाळीस. दुपारी डबा खाताना घास तोंडातून बाहेर पडला, तर मला वाटलं भाजीच बिघडली असेल. मग उजवा हात टेबलावरून घसरला आणि मला तो वर घेता येईना... शुद्ध होती, सगळं कळत होतं, पण बोलायला गेलो की तोंडातून नुसतं ‘तं तं’ निघे. लकवा हा शब्द स्वतःबद्दल मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. नाशकातल्या ज्या इस्पितळात मला नेलं, तिथं त्या काळी अशा पेशंटला तीन आठवडे अजिबात हलवायचं नाही अशी रीत होती. मला ती पूर्ण पटली होती. डोक्यात फुटकी शीर आहे, मान वळवली तर ती पुन्हा वाहू लागेल, हेच डोळ्यांसमोर असे. मी श्वाससुद्धा बेताबेतानं घेत होतो.

चांदवडहून माझे थोरले भाऊ, दादा, कांद्याची काढणी अर्धी टाकून आले. येताना झाकणाच्या पाटीत दोन कबुतरं आणली, त्यांच्या रक्तानं अंग चोळलं की लकवा उतरतो म्हणून. पाटी त्यांनी माझ्या खाटेखाली सरकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी साळवे सिस्टर सुट्टीवरून कामावर आल्या. खाटेखालून घुटर्र घुम् ऐकू आलं तशा वाकल्या आणि म्हणाल्या, “हे दोन पेशंट कुठल्या डॉक्टरांचे?” सगळा वॉर्ड हसला, मी सोडून. कारण लगेच त्यांनी माझी नाडी धरली, बीपी बघितलं आणि म्हणाल्या, “भाऊ, आज आपण उठून खुर्चीत बसायचं.”

दादा आडवे आले. “सिस्टरबाई, त्याला हलवू नका. आत लय नाजूक काम हाय. शीर परत फुटली तर जबाबदार कोण?” मला दादांचे पाय धरावेसे वाटले. मी डाव्या हातानं खाटेची दांडी घट्ट पकडली. सिस्टरनी दादांशी वाद घातला नाही. एक निळी, लांबट वही आणून माझ्या बायकोसमोर, सुमनसमोर, उघडली. मोठ्या डॉक्टरांकडून परवानगी काढली तीही हीच वही दाखवून, हे नंतर कळलं. वॉर्डात आलेला लकव्याचा प्रत्येक पेशंट त्यात होता. नाव, कुठली बाजू, उठवल्याचा दिवस, घरी कसा गेला, शेरा. “वहिनी, तुम्हीच वाचा. पडून राहिलेले बघा, कुणाच्या छातीत कफ, कुणाच्या पाठीला जखमा. लवकर बसवलेले बघा. त्यातलेही गेलेत, मी कुणाचं नाव खोडलेलं नाही. एकावरून काही ठरवू नका, सगळी पानं बघा.” सुमन शाळेत शिकवायची, ती शेवटपर्यंत पानं उलटत राहिली. मला कुणी वही दाखवली नाही... मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. अखेर ती म्हणाली, “बसवा.” दादा पाटी उचलून व्हरांड्यात निघून गेले.

मला बसवलं तेव्हा सगळी खोली फिरली आणि मला वाटलं, संपलं. उजव्या हाताखाली उशी होती, पाठीशी सिस्टरचा हात होता. मी रडत होतो आणि त्या घड्याळ बघत माझी नाडी मोजत होत्या. पुढं त्यांनी माझी खाटच फिरवली, दार माझ्या निकामी बाजूला येईल अशी. पाण्याचा पेलाही त्याच बाजूला, येणाऱ्यानं बोलायचंही तिकडूनच, म्हणजे ती बाजू मी विसरणार नाही. मला तो छळ वाटे. सुमन भरवायला लागली की त्या चमचा काढून माझ्या डाव्या हातात देत. “माया घरी करा, इथं ह्यांना काम करू द्या.” अडीच महिन्यांनी मी काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी घरी गेलो.

त्यानंतर ओळखीचा घरोबा झाला. त्यांच्या कॉलनीत मी रविवारी चहाला जायचो आणि त्या कप मुद्दाम माझ्या उजव्या हाताशी ठेवायच्या. मी चिडायचो. “तुम्हाला भीती कशी ती ठाऊकच नाही,” म्हणायचो. त्या नुसत्या हसायच्या.

आणि यंदा, बारा वर्षांनी, त्यांनाच झटका आला. इस्पितळ दुसरं, त्यांना ओळखणारं तिथं कुणी नाही. डावी बाजू गेली, शब्दही स्पष्ट निघेनात. खोलीच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. त्या खुर्चीकडं बघायच्या, मग माझ्याकडं. पुन्हा खुर्चीकडं... मला कळत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी मी चाचरत विषय काढला, तर संगीता रडवेली होऊन म्हणाली, “काका, नको. डॉक्टर म्हणालेत हलवायचं नाही. काही झालं तर?” आणि मी, तिसऱ्या दिवशी उठवलेला माणूस, म्हणालो, “बरोबर आहे.” डॉक्टरांना भेटायला दोनदा व्हरांड्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काही झालं तर जबाबदार कोण... दादांचाच प्रश्न. आठही दिवस मी त्यांच्या उजव्या, चांगल्या बाजूला उभा राहत होतो. नवव्या दिवशी छाती कफानं भरली आणि त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी संगीतानं ती निळी वही माझ्या हातात ठेवली. “मावशी मागंच म्हणाली होती, ही काकांना द्यायची.” घरी येऊन मी माझी ओळ शोधली. उजवी बाजू, वाचा नाही. उठवल्याचा दिवस : तिसरा. घरी : काठीवर, चालत. आणि शेऱ्यात बारीक अक्षरात : ‘पेशंट फार घाबरलेला. मीही. आधीच्यांना बसवलं, ते दुसऱ्या दिवशी गेले.’ वरच्याच ओळीत त्या गृहस्थांचं नाव होतं, न खोडलेलं. म्हणजे माझ्या पाठीशी होता तो हातसुद्धा भ्यालेला होता, आणि मला बारा वर्षं पत्ता नाही.

बसवलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. एकावरून काही ठरवायचं नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पण वहीत शेवटी थोडी जागा होती आणि ती कोरी ठेवणं त्यांना आवडलं नसतं. काल डाव्या हातानं सावकाश लिहिलं. इंदुमती साळवे. डावी बाजू. उठवल्याचा दिवस : उठवलं नाही. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पेशंट घाबरलेली नव्हती. मी होतो.’