धवल्यांची फाईल

पुस्तकांची अक्षरजुळणी करणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची नवी आवृत्ती आली की एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ती बांधून द्यायची, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप बसते. हे काम मी नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून फुकट करतो. यंदा नव्या आवृत्तीत फाईलमध्ये मांडणीसाठी लिहायच्या जुन्या आज्ञा बंद झाल्या. जुन्या फायली अडू नयेत म्हणून मी एक छोटी जोडणी ठेवली होती. आमच्या चमूने ऑनलाइन बैठकीत ती काढून टाकली. जुना कचरा किती दिवस वाहायचा, लोकांनी आपापल्या फायली सुधाराव्यात, असं ठरलं. मला शिसारी आली. बोललोही, पण ऐकतो कोण.

मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी लॅपटॉप घेऊन आल्या. त्या मूळच्या नेऱ्याकडच्या. त्यांचे यजमान छापखान्यात होते, गेल्या वर्षी वारले. आगरी लग्नात बायका धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणतात. आपल्या आईच्या तोंडचे धवले यजमानांनी या सॉफ्टवेअरवर जुळवले होते. घरात लग्न निघालं की फाईलची प्रत काढायची, नवरा-नवरीची नावं बदलायची आणि पुस्तिका छापून मांडवात बायकांच्या हातात द्यायची, असा त्यांचा रिवाज. आता लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि अपडेटनंतर फाईल पहिल्याच ओळीला अडत होती.

मी नव्या आज्ञा घालून पाहिल्या, तर पानं सरकली, कडवी मधेच तुटली. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने टाईप करून देऊ का, असं विचारलं.

"नाय दादा. ही त्यांनी केलेली हाय. हीच पायजे."

आपापल्या फायली सुधाराव्यात म्हणे! सुधारायला माणूस आणायचा कुठून? बैठकीतल्या एकेका शहाण्याला मनात शिव्या घालत मी ती काढलेली जोडणी त्यांच्या लॅपटॉपवर परत बसवली. पानं होती तशी उमटली.

नावं घालायला पहिल्या पानावर गेलो, तर नवरीच्या जागी लेकीचं नाव आधीच होतं. यजमानांनी आजारपणातच ही प्रत करून ठेवली होती. नवऱ्याची जागा तेवढी मोकळी होती. वहिनींनी जावयाचं नाव सांगितलं, मी घातलं.

संध्याकाळी चमूचा मेल आला. जुन्या आज्ञा काढल्या, एकही तक्रार आली नाही, सगळ्यांचं अभिनंदन. वाचूनच किळस आली.

मी उलट लिहिलं, एक तक्रार आहे, पण ती करणारा गेल्या वर्षीच वारला.